कूलर घेण्यापूर्वी

(खडकवासला येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सुरुवातीलाच एक कबुली देतो. मी बी.ए., बी.एड. झालेला, मराठी व इतिहास शिकविणारा शिक्षक आहे, अभियंता नाही. तरीही संगणकाच्या कूलरसारख्या विषयावर आपणापुढे बोलण्यास उभा आहे. गेल्या उन्हाळ्यात ह्याच क्षुल्लक वाटणाऱ्या वस्तूमुळे माझ्या एका विद्यार्थिनीचा संगणक विकला जाण्याची, आणि त्याबरोबर तिचे शिक्षणही अडण्याची वेळ आली होती. जे माझ्यासारख्या कलाशाखेच्या माणसाला समजले, ते आपणां सर्वांना समजेल याची मला खात्री आहे.

ती मुलगी आपल्याच परिसरातली. वडिलांचे सिंहगड रस्त्यावर दुचाकी दुरुस्तीचे छोटे गॅरेज आहे. मुलगी बी.सी.ए.च्या पहिल्या वर्षाला, आणि जोडीला ॲनिमेशन शिकते. वडिलांनी साठविलेले पैसे आणि तिला मिळालेली शिष्यवृत्ती मिळून सुटे भाग आणले व तिने घरीच संगणक जोडला. पहिले दोन महिने ठीक गेले. एप्रिल उजाडला आणि संगणक काम करता करता मंदावू लागला. पंखा विमानासारखा घोंगावे, आणि दोन वेळा तर सारे अर्ध्यावर टाकून संगणक बंदच पडला. पुण्यातील एका दुकानदाराने न पाहताच सांगितले, "पाण्याचा कूलर बसवा, आठ हजार लागतील." वडिलांना वाटले कूलर म्हणजे खिडकीत ठेवतात तो. ते म्हणाले, "घरात माणसांना कूलर नाही, आणि यंत्राला हवा?" मुलीचे मामू म्हणाले, "मुलीला कशाला हा पसारा? गिऱ्हाईक बघा आणि विकून टाका."

मुलगी माझ्याकडे आली ती रडवेली होऊन. तिला मी एवढेच विचारले, "किती तापतो, ते मोजलेस का?" तिने मोजलेले नव्हते. दुकानदारानेही नाही, वडिलांनीही नाही. आजच्या भाषणाचे सार एवढेच आहे: आधी मोजा, मग खर्च करा.

आता ही उष्णता येते कोठून, ते पाहू. प्रोसेसर जेवढी वीज घेतो, तेवढी जवळजवळ सगळी शेवटी उष्णता होते. साधारण प्रोसेसर ६५ वॉटचा म्हणतात. पूर्वीचा ६० वॉटचा पिवळा दिवा आठवा. त्याला हात लावता येत नसे. तेवढी उष्णता येथे बोटाच्या नखाएवढ्या जागेत निर्माण होते. इस्त्री १००० वॉटची असली तरी तिचा तळ तळहाताहून मोठा असतो. चौरस सेंटीमीटरचा हिशेब केला तर प्रोसेसर इस्त्रीहून कितीतरी पट अधिक उष्णता सोडतो.

ही उष्णता नाहीशी करता येत नाही, ती फक्त दुसरीकडे नेता येते. कूलर गारवा निर्माण करीत नाही. तो हमालासारखा उष्णता वाहून नेतो. आपण खडकवासल्याचे लोक, आपल्याला हे समजावयास कठीण नाही. पानशेत, वरसगाव, टेमघरचे पाणी आपल्या धरणात येते, आणि येथून ते पुण्याला व मुठा उजव्या कालव्याने थेट दौंड-इंदापूरकडे जाते. वाटेत एक दरवाजा अडकला तर मागे कितीही पाणी असून पुढचे शेत कोरडेच राहते. उष्णतेचाही असाच कालवा आहे. प्रोसेसरच्या चिपेतून ती वरच्या धातूच्या झाकणात येते, तेथून थर्मल पेस्टमध्ये, मग कूलरच्या तळात, मग तांब्याच्या नळ्यांत, नळ्यांतून ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांत, पात्यांवरून पंख्याच्या हवेत, आणि कॅबिनेटमधून खोलीत. यांतील एक जागा अडली, तर बाकीच्या सगळ्यांवर केलेला खर्च वाया जातो.

तिच्या घरी आम्ही मोजमाप केले. तापमान दाखविणारे प्रोग्रॅम फुकट मिळतात. एचडब्ल्यू-इन्फो हा त्यांपैकी एक. भिंतीवर साधा तापमापक टांगला. खोली ३६ अंश. संगणक नुसता चालू असताना प्रोसेसर ६० अंशांच्या वर. काम सुरू केले आणि एका मिनिटाच्या आत आकडा १०० वर गेला. तिचा प्रोसेसर इंटेलचा आय-५ १२४०० होता आणि त्याची मर्यादाच १०० अंशांची. मर्यादा गाठली की प्रोसेसर स्वतःला वाचविण्यासाठी वेग कमी करतो, आणि तेवढ्याने भागले नाही तर बंद पडतो. संगणक मंदावत होता तो ह्यामुळे.

वडील दारात उभे राहून पाहत होते. आकडे ऐकल्यावर ते आत आले आणि म्हणाले, "सर, इंजिन तापलं तर आम्ही गिऱ्हाइकाला आधी नवा रेडिएटर घ्यायला सांगत नाही. आधी काय ढिलं आहे ते बघतो." वीज बंद करून, वायर काढून, कॅबिनेटचे झाकण उघडले. त्यांनी कूलरला बोटाने हलकेच हलवून पाहिले. एक कोपरा हलत होता! इंटेलच्या डब्यात येणारा कूलर चार खुंट्यांवर बसतो. त्यांतील एक खुंटी मदरबोर्डच्या मागे पूर्ण बाहेर आलेलीच नव्हती, म्हणून कूलरचा तळ प्रोसेसरवर तिरका टेकला होता. जुनी पेस्ट पुसली, नवी लावली, आणि वडिलांनी गॅरेजच्या सवयीने समोरासमोरचे कोपरे आळीपाळीने दाबून चारही खुंट्या बसविल्या. पुन्हा तेच काम लावले. आकडा ८६ वर थांबला, पुढे गेला नाही. खर्च फक्त पेस्टच्या ट्यूबचा.

मित्रहो, आठ हजारांचा पाण्याचा कूलर आणला असता तर? तो नीट बसला असता तर संगणक सुधारला असता, आणि दोष कूलरचा होता असे आम्ही जन्मभर समजलो असतो. तोही तसाच तिरका बसला असता, तर मुलीच्या हातून काही होत नाही असे सर्वांनी ठरविले असते, आणि ते अधिक वाईट झाले असते.

मग चांगला कूलर घेऊच नये काय? तसे माझे म्हणणे नाही. ८६ अंश हा मर्यादेतला आकडा होता, पण पंखा फार ओरडत असे. दोन खोल्यांचे घर, रात्री धाकटी भावंडे झोपलेली, आणि ॲनिमेशनचे काम तासन्‌तास चालणारे. म्हणून महिनाभर पैसे बाजूला टाकून तिने दुसरा कूलर घेतला. तो निवडताना आम्ही जे प्रश्न विचारले, तेच आपणापुढे ठेवतो.

पहिला प्रश्न: आपला प्रोसेसर खरोखर किती वॉट घेतो? डब्यावरील ६५ हा आकडा पुरा नसतो. आय-५ १२४०० ची मूळ मर्यादा ६५ वॉट असली, तरी थोडा वेळ तो ११७ वॉटपर्यंत जाऊ शकतो. एएमडीचा रायझन ५ ७६०० हाही ६५ वॉटचा म्हणवतो, पण ८८ पर्यंत घेतो. उलट इंटेलचा आय-९ १३९०० के हा २५३ वॉटपर्यंत जातो. पहिल्या दोघांना साधा कूलर पुरतो, तिसऱ्याला मोठाच लागतो. इंटेलच्या नावाअखेर 'के' असलेल्या अलीकडच्या प्रोसेसरांबरोबर कूलर मिळत नाही, हे खर्चाचा अंदाज बांधतानाच लक्षात ठेवावे.

दुसरा प्रश्न: आपल्या खोलीचे तापमान किती? हा प्रश्न बहुतेक जण विसरतात. हवेवर चालणारा कोणताही कूलर, आणि पाण्याचाही, प्रोसेसरला खोलीपेक्षा गार करू शकत नाही. चांगला कूलर म्हणजे खोलीच्या तापमानावर कमी अंश चढू देणारा. थंड देशातल्या परीक्षणात, २२ अंशांच्या खोलीत, एखाद्या कूलरने प्रोसेसर ६७ वर ठेवला, तर चढ ४५ अंशांचा. आपल्याकडे एप्रिलच्या दुपारी खोली ३७ असेल, तर तोच कूलर ८२ च्या आसपास दाखवील. कूलर बिघडला असे तेव्हा समजू नये. परीक्षणातला आकडा वाचताना आपल्या उन्हाळ्याचा फरक त्यात मिळवावा.

तिसरा प्रश्न: किती जागा आहे? उभ्या मनोऱ्यासारख्या कूलरांची उंची बहुधा १५० ते १६५ मिलिमीटर असते. कूलर मास्टरचा प्रसिद्ध हायपर २१२ साधारण १५९ मिलिमीटरचा आहे. कॅबिनेटच्या माहितीपत्रात किती उंचीचा कूलर मावतो ते दिलेले असते. ते पाहिले नाही तर कूलर बसतो, पण झाकण लागत नाही. शेजारच्या रॅमच्या पट्ट्या उंच असतील तर त्यांनाही पंखा अडतो.

चौथा प्रश्न: सॉकेट कोणते? इंटेलच्या एलजीए १२०० ची भोके ७५ मिलिमीटर अंतरावर, तर एलजीए १७०० ची ७८ वर. तीनच मिलिमीटरचा फरक, पण जुनी पट्टी बसत नाही. एएमडीच्या एएम ४ साठीचे बरेचसे कूलर एएम ५ वर बसतात, सगळे नाहीत. डब्यावर आपल्या सॉकेटचे नाव छापलेले आहे का, ते दुकानातच पाहावे.

ह्या प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून मगच तपकीर गल्लीत किंवा अन्यत्र जावे. दोन-तीन दुकानांत भाव विचारावा आणि पक्के बिल घ्यावे. कागद हाती असलेल्या गिऱ्हाइकाशी दुकानदारही नीट बोलतो, असा माझा अनुभव आहे.

प्रकार मुख्यतः तीन आहेत. पहिला, डब्यात फुकट येणारा. लेखन, हिशेब, अभ्यास, शिकवणी यांसाठी तो पुरेसा आहे. तो असताना दुसरा घेण्याची घाई करू नये. दुसरा मनोरा, म्हणजे तांब्याच्या चार-सहा नळ्या आणि १२० मिलिमीटरचा पंखा असलेला. ह्या नळ्या भरीव नसतात. आत निर्वात करून अगदी थोडे पाणी घातलेले असते. प्रोसेसरजवळ ते पाणी कमी दाबामुळे सहज उकळते, वाफ वर जाऊन पात्यांजवळ पुन्हा पाणी होते, आणि आतल्या जाळीतून दिव्याच्या वातीप्रमाणे परत खाली येते. ना पंप, ना वीज. अमेरिकेतील लॉस अलामॉस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ मध्ये हे तत्त्व प्रत्यक्षात आणून दाखविले. बिघडण्यासारखा भाग म्हणजे पंखा, आणि तो थोडक्या पैशांत बदलता येतो. मोठा पंखा हळू फिरूनही पुरेशी हवा देतो, म्हणून आवाज कमी. मध्यम प्रोसेसरसाठी दोन हजारांच्या आसपासचा मनोरा बहुतेक घरांना पुरतो.

तिसरा पाण्याचा. पंप पाणी फिरवितो आणि रेडिएटरवर पंखे ती उष्णता हवेत सोडतात. फार वीज घेणाऱ्या प्रोसेसरला तो उपयोगी आहे. पण पंप बंद पडला की सगळे बंद. पाणीही वर्षानुवर्षे थोडे थोडे कमी होते. केवळ दिमाखासाठी तो घेऊ नये. वडिलांनी एका वाक्यात सांगितले, "बुलेटला चकत्यांवरची हवा पुरते, मोटारीला पाणी लागतं. आपली गाडी कोणती, ते आधी बघायचं."

एक फुकटचा उपायही आहे. मदरबोर्डच्या बायोसमध्ये प्रोसेसरच्या विजेवर मर्यादा घालता येते. एएमडीमध्ये याला इको मोड म्हणतात. काम किंचित हळू होते, पण उष्णता बरीच उतरते. पैसे जमेपर्यंत उन्हाळा काढण्यास हा मार्ग चांगला आहे.

आता माझी स्वतःची फजिती सांगतो. नवा मनोरा बसविण्याचा मान मुलीने मला दिला. मी मोठ्या ऐटीत बसविला. आकडा ९० च्या वर! डब्यातल्या जुन्या कूलरहून वाईट. मी पुन्हा पेस्टला दोष दिला, मग कंपनीला. मुलीने शांतपणे कूलर काढला. तळावर संरक्षणासाठी चिकटविलेला पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद मी काढलाच नव्हता. त्यावर "बसविण्यापूर्वी काढा" असे इंग्रजीत स्पष्ट छापलेले होते! तो काढून तिने स्वतः कूलर बसविला, आणि त्याच ३६ अंशांच्या खोलीत आकडा ७१ वर राहिला. पंख्याचा आवाज तर भिंतीवरच्या घड्याळाहून कमी. मुलांना आपण रोज सांगतो, प्रश्नपत्रिकेवरील सूचना आधी वाचा. त्या दिवशी ते मास्तरांना शिकावे लागले.

पेस्ट वाटाण्याएवढी पुरते. जास्त लावल्याने फायदा नाही, कारण ती धातूपेक्षा कमी उष्णता वाहते. तिचे काम फक्त मधल्या सूक्ष्म फटी भरण्याचे आहे. पेस्टऐवजी टूथपेस्ट लावणारेही मी ऐकले आहेत. ती वाळते आणि काम बिघडते. कूलर एकदा उचलला की जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवीच लावावी. पंख्याची पिन मदरबोर्डवर 'सीपीयू फॅन' लिहिलेल्या जागीच लावावी.

निगा तर आपल्याच हाती आहे. संगणक-टेबलाच्या बंद कप्प्यात कॅबिनेट कोंडू नका. तेथे तो आपलीच गरम हवा पुन्हा पुन्हा घेतो. अम्मीने हौसेने भरतकाम केलेले झाकण संगणक चालू असताना काढून ठेवा. भिंतीपासून वीतभर अंतर सोडा. दोन-तीन महिन्यांनी वीज काढून मऊ ब्रशने धूळ झाडा, आणि झाडताना पंखा बोटाने धरून ठेवा. गॅरेजच्या कॉम्प्रेसरची हवा मारू नका. तिच्यात पाण्याचे व तेलाचे कण असतात. खिडकीतल्या कूलरचे तोंडही संगणकाकडे करू नका. ती हवा ओलसर असते, आणि आपल्याकडे पावसाळ्यात ओलाव्याची आधीच कमतरता नाही. मोठा जड कूलर लावलेला संगणक दुचाकीवरून न्यायचा असेल, तर कूलर आधी काढावा. खड्ड्यांतले धक्के मदरबोर्डला सोसत नाहीत.

पालकहो, हा विषय लहान वाटेल. पण आपल्या पुण्यात त्याचे मोठे रूपही आहे. येथील सी-डॅक संस्थेने १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक उभारला. पाषाणच्या आयसर संस्थेत २०१९ मध्ये परम ब्रह्म हा महासंगणक सुरू झाला; तेथे पाणी थेट प्रोसेसरवरील धातूच्या पट्ट्यांपर्यंत नेऊन उष्णता काढली जाते. घरच्या संगणकात जो प्रश्न, तोच तेथे हजारपटीने. जी मुलगी आज एक खुंटी नीट बसवायला शिकते, ती उद्या तेथे काम करणार नाही असे कोण म्हणेल?

आणि अगदी आपल्या गावातले उदाहरण पाहा. १९१६ साली स्थापन झालेले केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र येथेच आहे. धरण किंवा बंदर बांधण्याआधी त्याची लहान प्रतिकृती करून पाण्याचा जोर तेथे मोजतात. कोट्यवधी रुपये खर्च करण्याआधी सरकार मोजते, तर आपण आपल्या कष्टाचे दोन हजार खर्च करण्याआधी का मोजू नये?

पालकांना माझी एकच विनंती आहे. मुलांचे यंत्र बिघडले की लगेच "खेळत बसला असेल", "मुलीला काय कळते" असे म्हणू नका. शेजारी बसा आणि विचारा, "आकडा किती?" तुमच्या हातची विद्या, मग ती गॅरेजची असो, शिवणयंत्राची असो वा स्वयंपाकघरातली असो, तेथे उपयोगी पडेल. त्या मुलीचा दोष शोधला तो माझ्या पदवीने नव्हे, तिच्या वडिलांच्या बोटाने.

आणि विद्यार्थ्यांनो, घरी पैसे मागण्याआधी मोजमापाचा कागद पुढे ठेवा. हट्टापेक्षा हिशेबाला वडील लवकर हो म्हणतात.

तो संगणक विकला गेला नाही. ती मुलगी आता दुसऱ्या वर्षाला आहे, आणि शेजारपाजारची मुले आपले तापलेले संगणक घेऊन तिच्याकडे येतात. मागच्याच आठवड्यात मामूही आपल्या मुलाचा संगणक घेऊन आले होते. तिने आधी विचारले, "मामू, किती तापतो, ते मोजलंत का?"